कसलेलं शेत, वसलेलं गाव
(शताब्दी सोहळ्यात काल्याच्या आदल्या रात्री केलेले भाषण)



आज मी कीर्तनाला उभा नाही, बोलायला उभा आहे. त्यामुळे अभंग घेणार नाही, चाल लावणार नाही. आपल्या दिंडीचा इतिहास कालपासून सगळ्यांनी सांगितला. पहिला वीणा कुणी घेतला, बैलगाडीवर सामान कसं जायचं, दुष्काळाच्या साली भाकरी कशी वाटून खाल्ली, हे तुम्ही ऐकलं. ते मी परत सांगत नाही. मला सांगायची आहे गोष्ट आपल्या वाटेवरच्या डोंगराची. आणि ती सांगायचं कारण उद्याच्या बैठकीत आहे. ते शेवटी बोलतो.

आपण आषाढीला निघालो की मुंबईच्या रस्त्याने नाशिककडे येतो. शहर लागायच्या आधी उजव्या-डाव्या हाताला बघायची सवय कुणाला नसते, पण तिथे डोंगर आहे. पांडवलेणी. त्याच्या पायथ्याशी आपण दरसाल चहा-पाण्याला थांबतो. पिशव्या उतरवतो, पाय चोळतो, हरिपाठाची वेळ झाली तर हरिपाठ म्हणतो, आणि पुढे नाथांच्या पालखीत मिळायला निघतो. चाळीस वर्षं मी त्या डोंगराखाली बसलो. वर एकदाही गेलो नाही. वाटायचं, तिथे काय, दगड आहेत. पांडवांनी एका रात्रीत कोरले, असं आजा सांगायचा. तेवढ्यावर भागलं.

तीन वर्षांमागे आपल्या गावचे निवृत्त गुरुजी म्हणाले, "बुवा, तुम्ही लोकांना चातुर्मास सांगता, एकदा तिथला चातुर्मास बघायला चला." नातवाला घेतलं. दोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. माझे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेत, चार ठिकाणी बसत बसत वर गेलो. आणि मायबाप, खोटं सांगत नाही, खाली आलो तेव्हा मला आपली दिंडी वेगळीच दिसायला लागली.

तो पांडवांचा वाडा नाही. तो मठ आहे. बौद्ध भिक्खूंचा विहार. डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी, लेखात 'तिरण्हु' असं आहे. चोवीस लेणी आहेत. सगळ्यात जुनं सातवाहनांच्या कृष्ण राजाच्या वेळचं, म्हंजे दोन हजार वर्षांच्याही मागचं. तिथून पुढे पाचव्या-सहाव्या शतकात बुद्धाच्या मोठ्या मूर्ती कोरल्या, तोवर तिथे राबता होता. एका लेण्यात जैनांची मूर्तीही आहे. आपण शंभर वर्षांचा सोहळा करतो आहोत. त्या डोंगरावर सात-आठशे वर्षं माणसं पहाटे उठली, साधना केली, आणि खालच्या गावांनी त्यांना जेवू घातलं.

आत गेलं की मधे मोठा मंडप, आणि तिन्ही बाजूंना लहान लहान खोल्या. तिसऱ्या लेण्यात अठरा आहेत. खोलीला लेखात शब्द आहे 'ओवरक'. ऐकलं का? आपण पंढरपुरात ओवरी म्हणतो, देवळाच्या ओवरीत वारकरी पथारी टाकतो, तोच शब्द. पाण्याच्या टाक्याला 'पोढी' म्हटलंय. लेण्याला 'लेण'. गुरुजी म्हणाले, ही प्राकृत भाषा आहे, आपल्या मराठीची आजी. चौथी शिकलेला माणूस मी, पण ते ऐकलं आणि दगडाशी नातं लागल्यासारखं झालं.

आता तो चातुर्मास. भिक्खूंचा नेम असा की त्यांनी फिरायचं. एका गावाला घर करायचं नाही. पण पावसाळ्यात वाटा बंद होतात, नद्यांना पूर येतो, पायाखाली किडामुंगी मरते. म्हणून आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने एका जागी राहायचं. त्याला वर्षावास म्हणतात. आपल्याकडे आषाढी एकादशीला वारी पोचते आणि कितीतरी साधक कार्तिकीपर्यंत पंढरीतच राहतात, श्रवण करतात. पंथ वेगळा, देव मानायची रीत वेगळी, ते मी एक करत नाही. पण पाऊस एकच आहे. आणि पावसात साधूला छप्पर लागतं, कपडा लागतो, ताटात काहीतरी पडावं लागतं, हेही दोन्हीकडे एकच आहे. आपले निवृत्तिनाथ महाराज तरी कुठे शिकले? ब्रह्मगिरीच्या गुहेतच गहिनीनाथांनी त्यांना जवळ घेतलं असं आपण कीर्तनात सांगतो. नाशिकच्या डोंगरांना साधू सांभाळायची सवय जुनी आहे.

मंग मला प्रश्न पडला, आणि तो शेतकऱ्याचा प्रश्न आहे. हे सगळे खायचे काय? डोंगरावर तर कुसळं. गुरुजी हसले. म्हणाले, "त्याचंच उत्तर भिंतीवर लिहिलंय, बुवा." आणि त्यांनी एकेक लेख मराठीत समजावून दिला.

दहाव्या लेण्यात उषवदात नावाच्या माणसाचा लेख आहे. हा नहपान राजाचा जावई, शक कुळातला. म्हंजे मूळचा बाहेरचा. त्याने लेणं कोरून दिलं, पाण्याच्या पोढ्या दिल्या. आणि वर काय केलं? तीन हजार कार्षापण, म्हंजे त्या वेळची नाणी, गोवर्धनच्या विणकरांकडे ठेवली. गोवर्धन म्हंजे आपल्या गंगापूरकडचं गोवर्धन, तेव्हा ते मोठं ठाणं होतं. विणकरांच्या दोन श्रेणी होत्या. श्रेणी म्हंजे आजची सोसायटी समजा. एका श्रेणीत दोन हजार ठेवले, महिना शेकडा एक व्याजाने. दुसरीत एक हजार, शेकडा पाऊण व्याजाने. आणि स्पष्ट लिहून ठेवलं की मुद्दल कधी परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं.

आता हिशेब करा. मी तिथेच पायरीवर बसून बोटांवर केला. दोन हजाराचं महिना शेकडा एकने महिन्याला वीस. वर्षाला दोनशे चाळीस. लेखात म्हटलंय, त्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हंजे वस्त्रासाठी. वीस बारं दोनशे चाळीस. एक दमडी इकडे नाही, तिकडे नाही. दुसऱ्या हजाराचं व्याज त्यांच्या वरखर्चाला. एकोणीसशे वर्षांनी आपल्यासारख्या अडाण्याने ताळा केला आणि ताळा जमला! आपल्या दिंडीच्या भिशीचा हिशेब किती वेळा जमला, ते मी या शुभप्रसंगी विचारत नाही.

आणि त्याने एवढ्यावर सोडलं नाही. ही सगळी व्यवस्था गावच्या निगमसभेत सर्वांना ऐकवली, आणि दफ्तरात नोंदवली, असं लेखात आहे. मंग दगडावर कोरली. राजाचा जावई! त्याला कोण विचारणार होतं? तरी त्याने दान चारचौघांत वाचून दाखवलं. दान दिलं हे सांगायला नव्हे. उद्या कुणी व्याज द्यायला टाळाटाळ केली तर ऐकलेली माणसं साक्षीला असावीत म्हणून.

त्याच उषवदाताने एक शेतही दिलं. ते त्याने चार हजार कार्षापण मोजून विकत घेतलं, वाराहीचा मुलगा अश्विभूती या ब्राह्मणाकडून. ते शेत अश्विभूतीच्या बापाचं होतं, कुठल्या दिशेला होतं, हेही लिहिलंय. कशासाठी दिलं? लेण्यात राहणाऱ्या, चारी दिशांनी येणाऱ्या भिक्खूंना त्यातून अन्न मिळावं म्हणून. जावयाच्या हातात सत्ता होती, कुणाचंही शेत ओढून घेता आलं असतं. त्याने पैसे मोजले. आणि विकणाऱ्याचं नाव दगडावर राहिलं. मला त्या अश्विभूतीचं लई कौतुक वाटलं. आपण जमीन विकतो तेव्हा आपलं नाव सातबाऱ्यावरून जातं. त्याचं राहिलं.

उषवदाताने वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, विहिरी-तलाव केले. तापी, दमण, पारदा अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, दोन्ही काठांवर पाणपोया घातल्या. वारीत पाणी देणाराचं मोल आपल्याला सांगायला नको.

आता या गोष्टीतली गाठ येते. नीट ऐका, कारण माझं सगळं बोलणं या गाठीसाठी आहे.

पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने नहपानाचा पाडाव केला. राज्य बदललं. नवा राजा आला की जुन्याचं दान मोडतो, असं आपण समजतो. याने मोडलं नाही. आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी त्याने गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा पाठवली, की कखडी गावातलं दोनशे निवर्तनं शेत त्रिरश्मीच्या साधूंना दिलं आहे. निवर्तन हे तेव्हाचं जमिनीचं माप. आणि त्या शेताला काय काय माफी द्यायची ते लिहिलं. राजाच्या माणसाने तिथे शिरायचं नाही, हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही, कारभाऱ्यांनी ढवळाढवळ करायची नाही. पक्कं काम. यापेक्षा पक्कं दान आणखी काय असतं?

मंग चोविसाव्या वर्षी, म्हंजे सहा वर्षांनी, त्याच भिंतीवर दुसरी आज्ञा कोरलेली आहे. या वेळी राजाबरोबर त्याच्या आईचाही, गौतमी बलश्रीचा, राजमाता म्हणून उल्लेख आहे. काय म्हटलंय? कखडी गावात पूर्वी आम्ही भिक्खूंना शेत दिलं होतं, ते शेत कसलं जात नाही आणि ते गाव वसत नाही. म्हणून आता गावच्या शिवेवरच्या आमच्या स्वतःच्या राजशेतातून शंभर निवर्तनं देतो.

मूळ शब्दही तेच आहेत, मायबाप. 'कसते' आणि 'वसति'. कसणं आणि वसणं. दोन हजार वर्षांत शेतकऱ्याचे हे दोन शब्द बदलले नाहीत.

मी तिथे खाली बसलो. नातू म्हणाला, "आबा, काय झालं?" काय सांगू त्याला? राजाने दोनशे निवर्तनं दिली. मोहोर उठली. माफी झाली. दगडावर कोरलं. आणि शेत पडीक! दुष्काळ होता, लढाईने गाव उठलं, की आणखी काही, ते लेखात नाही. पण गावात माणूस नाही म्हटल्यावर शेत कोण कसणार? भिक्खूंच्या हातात औत नव्हतं, त्यांचा तो नेमच नव्हता. दगडावर दोनशे निवर्तनं आणि ताटात काही नाही.

आणि मला त्या राजाचं मोठेपण इथे वाटतं. त्याने पहिला लेख खोडला नाही. आपली चूक झाकली नाही. 'आम्ही दिलं होतं, ते उपयोगाला आलं नाही' असं त्याच भिंतीवर, पहिल्या आज्ञेच्या जवळ, सगळ्यांना दिसेल असं कोरलं. आणि दुसरं दिलं, निम्मं दिलं, पण गावाच्या शिवेला लागून दिलं, जिथे कसणारी माणसं आहेत. पुढे त्याचा मुलगा पुळुमावी राजा झाला. त्याच्या वेळी आजी बलश्रीने ते तिसरं लेणं भिक्खुसंघाला अर्पण केलं. पुळुमावीलाही दिलेलं एक गाव तीन वर्षांत बदलून दुसरं द्यावं लागलं, तेही तिथे लिहिलंय. दान देऊन मोकळं होता येत नाही. मागे वळून बघावं लागतं.

गुरुजींनी मला परमुलखातली एक गोष्ट सांगितली, ती इथे जोडतो. युरोपात इटली देशात बेनेडिक्ट नावाचे एक संत झाले, सहाव्या शतकात. आपली लेणी जुनी होत आली तेव्हा त्यांनी मोंते कासिनो नावाच्या डोंगरावर मठ काढला. त्यांनी साधूंसाठी नियमावली लिहिली. दिवसातून ठरल्या वेळी प्रार्थना, आणि मधल्या वेळात हाताने काम. शेतात सुद्धा. एकदा एका मठात आला की जन्मभर तिथेच राहायचं. आपल्या भिक्खूंच्या अगदी उलट, ते फिरते, हे स्थिर. पुढे 910 च्या सुमाराला फ्रान्समध्ये क्लूनी इथे एका सरदाराने या पंथाच्या साधूंना जमीन दिली, आणि लिहून दिलं की कुठल्याही राजाने, सरदाराने यात हात घालायचा नाही. आपल्या गौतमीपुत्राच्या आज्ञेसारखंच! तो मठ एवढा वाढला की त्याच्या हाताखाली शेकडो मठ आले, देऊळ एवढं मोठं बांधलं की त्या मुलखात तसं नव्हतं. साधू श्रीमंत झाले, शेतातलं काम दुसऱ्यांवर गेलं. शेवटी फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली, मठ विकला गेला आणि त्या देवळाचे दगड लोकांनी बांधकामाला नेले. आता थोडा भाग उभा आहे. आपली लेणी राहिली ती डोंगरातच कोरलेली म्हणून, दगड काढून नेता आले नाहीत एवढंच. माणसं दोन्हीकडून गेली.

आता लेण्याला हातभार कुणी लावला, ते बघा. राजे तर झालेच. पण अठराव्या लेण्याच्या, चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर लिहिलंय की हे धंभिक गावाचं दान. एका गावाने वर्गणी काढून दर्शनी काम केलं! आपण मारुतीच्या देवळाला काढतो तशी. नाशिक हे नाव फार जुन्या लेखांत सापडतं, त्यातला हा एक. मुगूदास नावाच्या एका माणसाने कुटुंबासह एक लेणं दिलं. त्याला तिथे 'दासक' म्हटलंय, अभ्यासक त्याचा अर्थ कोळी असा लावतात. उषवदाताच्या बायकोने, दक्षमित्रेने, ओवरी दिली. उत्तरेकडून आलेल्या एका यवनाने लेणं कोरून दिलं. पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळी विष्णुदत्ता नावाच्या एका शक बाईने आजारी भिक्खूंच्या औषधासाठी पैसे ठेवले. कुणाकडे? कुंभारांच्या, पाण्याची यंत्रं करणाऱ्यांच्या, तेल्यांच्या श्रेणींकडे. कपडा विणकरांच्या व्याजातून, औषध तेल्या-कुंभारांच्या व्याजातून. डोंगरावरचा मठ डोंगराखालच्या हातांवर चालला.

आणि घेणारा संघ कोण? लेखात शब्द आहे 'चातुर्दिश', चारी दिशांचा. कुठूनही या. हे ऐकलं तेव्हा माझी मान खाली गेली, तेही आज सांगतो. कारण त्याच नाशकात, काळाराम मंदिराच्या दारात, 2 मार्च 1930 ला बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या मागे हजारो माणसं उभी राहिली आणि पाच-सहा वर्षं सत्याग्रह चालला, तरी दार उघडलं नाही. पंढरपुरात आपल्या विठोबाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना 1947 साली प्राणांतिक उपोषण करावं लागलं. आपली दिंडी तेव्हा होती. आपण वाटेवर होतो. दिंडीत सगळ्यांनी एकमेकांच्या पायाला लागायचं ही आपली रीत, आणि पंगतीत मात्र जागा वेगळ्या, हे माझ्या लहानपणी मी डोळ्यांनी बघितलंय. आज ते नाही, विठ्ठलाची कृपा. पण शंभर वर्षांचा हिशेब वाचायचा तर ही बाकीही वाचली पाहिजे. आज तो डोंगर आपल्या बौद्ध बांधवांचं श्रद्धेचं ठिकाण आहे. खालून जाताना वर बघून हात जोडायला आपलं काही जात नाही.

मंग एवढा मोठा मठ गेला कुठे? एका दिवसात गेला नाही. भिक्खू कमी होत गेले, श्रेणी मोडल्या, दान आटलं. लोक लिपी विसरले. भिंतीवर विणकरांचं व्याज लिहिलेलं, आणि खालून जाणाऱ्याला एक अक्षर वाचता येईना. मंग लोकांनी आपल्या मनाने नाव दिलं, पांडवलेणी. 1837 च्या सुमाराला जेम्स प्रिन्सेप नावाच्या इंग्रजाने ब्राह्मी लिपी उलगडली, पुढे भगवानलाल इंद्रजींसारख्या आपल्या विद्वानांनी हे लेख वाचले, तेव्हा कुठे कळलं की हे कुणाचं, कशासाठी. विणकर गेले, मुद्दल गेलं, व्याज गेलं, शेत गेलं. राहिलं काय? हिशेब राहिला. कारण तो सगळ्यांसमोर वाचून मंग कोरला होता.

आता उद्याच्या बैठकीचं बोलतो.

आपल्या दिंडीच्या नावावर दीड एकर जमीन आहे. एका माऊलीने दिली. तिचं नाव घेत नाही, तिला ते आवडायचं नाही, पण इथे बसलेल्या प्रत्येकाने तिच्या हातची भाकरी खाल्लेली आहे. मागे कुणी नव्हतं तिला. जमीन देताना एवढंच म्हणाली, "माझ्या वावरातले तांदूळ वारीच्या पंगतीत पडू द्या." सातबाऱ्यावर दिंडीचं नाव लागलं. पेढे वाटले. सत्कार केला. मी स्वतः तिच्यावर बोललो, लोकांच्या डोळ्यांत पाणी आणलं.

त्याला पाच पावसाळे झाले. तिच्या वावरातला एक दाणा पंगतीत पडला नाही.

दोष कुणाचा? कमिटीने ती जमीन बघायचं काम माझ्याकडे दिलं होतं. पहिल्या वर्षी आवणीच्या वेळी आपण वारीत होतो. परत आलो तेव्हा माझीच आवणी उरली होती, ती केली. म्हटलं पुढच्या वर्षी. दुसऱ्या वर्षी कुणाला तरी वाट्याने द्यायची म्हटलं, तर दोघं-तिघं बोलले, कुळाचं नाव लागेल, जमीन जाईल. मी भ्यालो. तिसऱ्या वर्षी बांध फुटला, कुणी घातला नाही. आता तिथे घाणेरी आणि बाभळी आहेत. ती माऊली गेल्या माघात गेली. जाण्याआधी मला विचारलं नाही तिने. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

लेण्यात तो लेख ऐकून मी खाली का बसलो, ते आता तुम्हाला कळलं असेल. 'शेत कसलं जात नाही' हे राजाने लिहिलं होतं, आणि मला वाटलं माझंच नाव लिहिलंय.

उद्या बैठकीत जमीन विकायचा विषय आहे. रस्ता जवळ आला, भाव वाढला, विकून पैसे बँकेत ठेवू, नाहीतर पंढरपुरात खोल्या बांधू, असं काही मंडळी म्हणतात. त्यांच्या मनात वाईट नाही. पंढरीत आपल्या म्हाताऱ्यांना पावसात उघड्यावर झोपावं लागतं हे खरं आहे. मुद्दल ठेवून व्याज वापरावं, हे उषवदातानेही केलं. मी पैशाला नावं ठेवत नाही. पण ही जमीन तांदळासाठी दिलेली आहे. आधी एकदा तरी तिचे तांदूळ पंगतीत पडू द्या. मंग विकायची की नाही ते पोरं ठरवतील. न कसता विकली, तर तिचं दान आपण घेतलंच नाही असं होईल.

माझं म्हणणं तीन गोष्टींचं आहे. पहिली, या उन्हाळ्यात बाभळी काढायच्या आणि बांध घालायचा. आठ दिवसांचं काम आहे, घरटी एक माणूस आला तर चार दिवसांचं. दुसरी, आवणी आपण वारीत असताना येते, म्हणून ती वारीला न जाणाऱ्यांनी करायची. आणि हे मी मुद्दाम सांगतो. जे मागे राहतात, गुरं सांभाळतात, आपल्या घरच्या म्हाताऱ्यांना पाणी देतात, त्यांची आपण शंभर वर्षांत कधी नोंद केली नाही. ते मागे राहतात म्हणून आपण चालतो. त्या दीड एकरात त्यांनी रोप लावलं की त्यांचीही वारी झाली, असं मी वीणा हातात घेऊन सांगायला तयार आहे. बरं पिकलं तर वीस क्विंटल भात होतो, भरडून बारा-तेरा क्विंटल तांदूळ. आपली पूर्ण वाटचालीची पंगत त्यात निघते. तिसरी, प्रस्थानाच्या दिवशी मारुतीच्या पारावर हिशेब मोठ्याने वाचायचा. भिशी किती आली, तांदूळ किती निघाला, कुणी किती दिवस दिले, आणि काय चुकलं. चुकलेलं सुद्धा. पोरंबाळं, बायामाणसं, सगळ्यांसमोर. कागद कपाटात ठेवून उपयोग नाही. ऐकणारे कान हवेत.

मी पासष्टीच्या पुढे गेलोय. गुडघे वारीत साथ देतील तोवर देतील. पण या वर्षी, कमिटीने परवानगी दिली तर, मी वारीला येणार नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मी मागे राहतो. तुम्ही पंढरीला पोचाल त्या दिवशी मी त्या माऊलीच्या वावरात चिखलात उभा असेन. तुम्ही डोंगराखाली चहाला थांबाल तेव्हा एकदा वर बघा, आणि पुढच्या वर्षी ताटात भात आला तर त्याची चव बघा.

बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर लेकरू समजून पोटात घाला.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल. श्री ज्ञानदेव तुकाराम. पंढरीनाथ महाराज की जय. निवृत्तिनाथ महाराज की जय.

रामकृष्णहरि.